कृष्णाकाठचे यशवंतराव आणि मतदारांचा रुसवा

दरवर्षी आपल्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदा कोणाचे द्यावे, यावर फार खल करावा लागला नाही. राजपुऱ्यातल्या मांडवात आरती झाली, प्रसाद हातावर पडला की बोलणे कुठूनही सुरू होवो, ते शेवटी निवडणुकीवर येऊन थांबते. अमक्यांचे घर तीन पिढ्या एकाच पक्षाचे, मग ते एकाएकी फिरले कसे? आणि फिरलेले घर पुन्हा माघारी का आले? या प्रश्नावर मांडवात जेवढी माणसे तेवढी मते. म्हणून आम्ही ठरवले की यंदा यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांचे चरित्र सांगावे. मतदारांचा रोष, मतदारांची माया आणि पुन्हा रोष, हे सारे एका आयुष्यात इतक्या ठळकपणे क्वचितच दिसते.

आणखी एक कारण आहे, ते आपल्या घरचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकांनी ऐकला असेल. त्या दिवशी राज्यांची नवी मांडणी अमलात आली. तोवर आपला निमाड जिल्हा ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवसापासून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण नव्या मध्य प्रदेशात राहिलो. राजधानी भोपाळ झाली. रावेर, सावदा, भुसावळची सोयरीक तशीच राहिली, पण मधून राज्याची सीमा गेली. नेमक्या त्याच दिवशी त्रेचाळीस वर्षांचे यशवंतराव मुंबईच्या द्वैभाषिक राज्याचे मुख्यमंत्री झाले. ज्या घटनेने आपल्याला सीमेच्या अलीकडे ठेवले, तिनेच त्यांना सत्तेवर बसवले आणि पुढच्या चारच महिन्यांत जवळजवळ पाडलेही.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, त्यांच्या आजोळी झाला. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील न्यायालयात बेलीफ होते. यशवंतराव लहान असतानाच प्लेगने वडील गेले आणि घराचा सारा भार आई विठाबाईंवर पडला. विठाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण मुलांनी शिकले पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. थोरले ज्ञानोबा, मधले गणपतराव आणि धाकटे यशवंतराव अशी तीन भावंडे. ज्ञानोबांनी नोकरी धरली आणि धाकट्याचे शिक्षण चालू राहिले. कराडच्या टिळक हायस्कुलात असताना मुलगा चळवळीत ओढला गेला. २६ जानेवारी १९३२ रोजी शाळेच्या आवारात तिरंगा फडकवला म्हणून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. विसापूर आणि येरवड्याच्या तुरुंगात वाचनाची जी गोडी लागली ती जन्मभर सुटली नाही.

पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून ते १९३८ साली बी.ए. झाले, पुण्यात १९४१ साली वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. जून १९४२ मध्ये फलटणच्या वेणूताईंशी विवाह झाला आणि दोनच महिन्यांत ऑगस्टचे आंदोलन पेटले. नवरा भूमिगत झाला. हळदीचे अंग वाळते न वाळते तोच वेणूताईंना पोलिसांनी धरून नेले. घरातली माणसे आजारी, कर्ता माणूस फरारी, अशी ती वर्षे गेली. सातारा जिल्ह्यात तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार उभे राहत होते. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुढे येणार आहे.

१९४६ साली यशवंतराव कराड भागातून मुंबई विधानसभेत गेले. १९५२ च्या निवडणुकीनंतर मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. तोवर साताऱ्यात काँग्रेसला मत देणे म्हणजे स्वातंत्र्याच्या लढ्याला मत देणे, असे साधे गणित होते. घरातला एखादा माणूस तुरुंगात गेलेला, कोणाच्या परसात भूमिगतांनी भाकरी खाल्लेली. पक्ष आणि घर यांत फरकच नव्हता.

हे गणित १९५५ च्या ऑक्टोबरात मोडले. राज्य पुनर्रचना आयोगाने मराठी माणसाला एकसंध राज्य दिले नाही. गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ अशी शिफारस झाली. पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार अशी घोषणा झाली आणि मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे अशी एरवी एका सतरंजीवर न बसणारी माणसे एकत्र आली.

यशवंतराव त्या वेळी पक्षाबरोबर राहिले. एकीकडे संयुक्त महाराष्ट्र आणि दुसरीकडे नेहरूंचे नेतृत्व असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी नेहरूंना मोठे मानले, आणि ते लपवून ठेवले नाही. लोकांनी त्यांना सूर्याजी पिसाळ ठरवले. सभा उधळल्या गेल्या. ऑगस्ट १९५६ मध्ये विदर्भ, मराठवाडा, गुजरात आणि मुंबई यांचे मोठे द्वैभाषिक राज्य करण्याचे ठरले आणि त्याचे मुख्यमंत्रिपद यशवंतरावांकडे आले.

१९५७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निवडणूक झाली. ज्यांनी आयुष्यभर काँग्रेसखेरीज दुसरे चिन्ह पाहिले नव्हते त्यांनी पश्चिम महाराष्ट्रात समितीला भरभरून मते दिली. मुंबईतून डांगे लोकसभेत गेले, राजापुरातून नाथ पै गेले. यशवंतरावांच्या स्वतःच्या सातारा जिल्ह्यातून लोकसभेवर गेले ते नाना पाटील. प्रतिसरकारचे तेच क्रांतिसिंह, आता कम्युनिस्ट पक्षाचे. कराडच्या विधानसभेच्या जागेवर स्वतः मुख्यमंत्री जेमतेम निवडून आले. राज्यात काँग्रेसला ३९६ पैकी २३४ जागा मिळून सरकार टिकले, पण त्यातले बळ विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातचे होते. कृष्णाकाठ हातचा गेला होता.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. सातारचा मतदार एका रात्रीत कम्युनिस्ट झाला होता काय? तसे मुळीच नव्हते. त्याची जुनी निष्ठा आटली नव्हती, ती दुखावली होती. ज्या पक्षाला आपले मानले त्यानेच आपल्याला परके केले, असे त्याला वाटले. परक्याने मारले तर माणूस चिडतो, घरच्याने मारले तर रुसतो. १९५७ चे मत हे रुसव्याचे मत होते. आणि रुसलेल्या माणसाची समजूत निघू शकते, हे यशवंतरावांनी ओळखले. त्यांचे मोठेपण आम्हाला इथे दिसते.

नोव्हेंबर १९५७ मध्ये प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करायला नेहरू आले. समितीने वाटेवर प्रचंड निदर्शने केली. मुख्यमंत्र्यांच्या हाती पोलीस होते, पण त्यांनी मोर्चा होऊ दिला आणि शिस्तीत पार पडू दिला. पंतप्रधानांनी मराठी माणसाचा रोष डोळ्यांनी पाहिला. पुढची दोन वर्षे यशवंतराव दिल्लीला हे समजावत राहिले की द्वैभाषिक राज्य लोकांच्या मनात रुजलेले नाही. चव्हाट्यावर भांडले नाहीत, पदही सोडले नाही, पण लोकांचे म्हणणे वर पोहोचवले. पोटनिवडणुकांचे आणि नगरपालिकांचे निकालही त्यांच्या म्हणण्याला पुष्टी देत होते. अखेर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले.

दरम्यान काम थांबले नव्हते. गरिबांच्या मुलांची फी माफ झाली. महार वतने रद्द झाली. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. सहकारी साखर कारखान्यांना आधार मिळाला, कोयनेचे काम पुढे गेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा कायदा होऊन सत्ता तालुक्याच्या गावापर्यंत गेली. विरोधकांशी त्यांनी कधी वैर धरले नाही. ज्यांनी त्यांच्यावर लेखणी चालवली त्यांच्याशीही बोलणे ठेवले.

१९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा आणि लोकसभेच्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसला मिळाल्या. पाच वर्षांपूर्वी गेलेला मतदार घरी परतला होता. समितीचे पुढारी काही कमी योग्यतेचे नव्हते. पण ज्या कारणाने लोक तिकडे गेले होते ते कारणच उरले नव्हते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. देशाला बसलेला हा धक्का वेगळा होता. कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि नेहरूंनी संरक्षण खाते सांभाळायला यशवंतरावांना बोलावले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे तेव्हा घरोघरी म्हटले जाई. १९६३ साली उत्तरेत आणि गुजरातेत काँग्रेसला या पराभवाची किंमत मोजावी लागली. अमरोह्यातून आचार्य कृपलानी, फर्रुखाबादहून डॉ. लोहिया, राजकोटहून मिनू मसानी असे तीन मोठे विरोधक पोटनिवडणुकांत निवडून आले. त्याच वर्षी नाशिकच्या पोटनिवडणुकीत यशवंतरावांच्या विरोधात कोणी उभेच राहिले नाही. ते बिनविरोध लोकसभेत गेले. धक्का एकच, पण एका ठिकाणी मतदार सरकारला जाब विचारतो आणि दुसऱ्या ठिकाणी आपल्या माणसाच्या पाठीशी उभा राहतो. समोर कोण उभे आहे आणि त्याच्याविषयी काय वाटते, यावर ते ठरते.

१९६५ च्या युद्धात ते संरक्षणमंत्री होते. पुढे गृह, अर्थ आणि परराष्ट्र अशी मोठी खाती त्यांनी सांभाळली. १९६७ साली देशभर काँग्रेस घसरली, अनेक राज्ये हातची गेली, पण महाराष्ट्राने ४५ पैकी ३७ खासदार दिले. १९६९ साली पक्ष फुटला. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवताना यशवंतरावांनी आधी जुन्या नेत्यांच्या बाजूने मत दिले आणि फूट पडली तेव्हा ते इंदिराजींबरोबर आले. या फेऱ्यावर टीका खूप झाली. पण १९७१ साली इंदिराजींच्या काँग्रेसला महाराष्ट्रात ४५ पैकी ४२ जागा मिळाल्या. मतदाराने पक्षाची जुनी पाटी सोडून नवी धरली, आणि महाराष्ट्रात त्याला फारसे जड गेले नाही, कारण गावातली ओळखीची माणसे नव्या पाटीखालीच होती.

आता आम्ही त्या प्रसंगाकडे येतो, जिथे चरित्र लिहिणाऱ्याची लेखणी अडखळते. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. वृत्तपत्रांवर बंधने आली, विरोधी नेते तुरुंगात गेले. त्यांत एस. एम. जोशींचे समाजवादी सहकारी होते, जनसंघाचे कार्यकर्ते होते, यशवंतराव ज्यांना वर्षानुवर्षे ओळखत असे कितीतरी होते. यशवंतराव परराष्ट्रमंत्री होते आणि पदावर राहिले. तरुणपणी झेंड्यासाठी तुरुंगात गेलेला माणूस या वेळी गप्प राहिला. बाबू जगजीवनराम १९७७ च्या फेब्रुवारीत बाहेर पडले, यशवंतराव पडले नाहीत. १९५७ साली लोकांचे दुखणे दिल्लीच्या कानी घालणारा मध्यस्थ या वेळी दिसला नाही.

मार्च १९७७ मध्ये मतदार बोलला. उत्तर भारतात काँग्रेस जवळजवळ पुसली गेली. आपल्या मध्य प्रदेशात ४० पैकी एकच जागा, छिंदवाड्याची, तिच्या हाती राहिली. आपल्या खंडवा मतदारसंघाने जनता पक्षाचे परमानंद गोविंदजीवाला यांना निवडले. सीमेपलीकडे महाराष्ट्रात चित्र निराळे होते. तिथे काँग्रेसला ४८ पैकी २० जागा मिळाल्या, जनता पक्षाला १९, आणि उरलेल्या शेतकरी कामगार पक्ष, मार्क्सवादी आणि रिपब्लिकन पक्षाकडे गेल्या. साताऱ्यात यशवंतराव निवडून आले. रावेर आणि बुऱ्हाणपूर यांची माणसे एकाच बाजाराला जातात, एकाच देवाला नवस बोलतात, पण त्या वर्षी दोन राज्यांचे वारे वेगळे वाहिले. उत्तरेत सक्तीच्या नसबंदीचा धाक घराघरांत शिरला होता. महाराष्ट्रात सहकारी संस्था, जिल्हा परिषदा आणि गावपुढारी यांचे जाळे होते, त्याने घसरण अर्ध्यावर थोपवली. ते जाळे विणणाऱ्यांत यशवंतरावांचा हात मोठा होता. म्हणजे १९६२ च्या आधी जे पेरले, त्यावर १९७७ साली पक्ष तगला.

लोकसभेत ते विरोधी पक्षनेते झाले. जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस पुन्हा फुटली तेव्हा या वेळी ते इंदिराजींबरोबर गेले नाहीत. जुलै १९७९ मध्ये मोरारजींच्या सरकारवर त्यांनीच अविश्वासाचा ठराव मांडला. सरकार पडले. चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात यशवंतराव उपपंतप्रधान झाले, पण त्या सरकारला संसदेला सामोरे जायलाच मिळाले नाही. जनता पक्षाच्या भांडणांनी मतदार विटला होता.

आपल्या खंडव्याने त्या तीन वर्षांत दोनदा कूस बदलली. १९७९ च्या पोटनिवडणुकीत मूळचे धारचे, मराठी घरातले कुशाभाऊ ठाकरे निवडून आले. आपल्या बोलीतला माणूस खासदार झाला याचे कौतुक पक्ष न पाहता अनेक घरांत झाले. पण जानेवारी १९८० मध्ये मध्यावधी निवडणूक झाली आणि इंदिरा काँग्रेसचे शिवकुमार सिंह निवडून आले. मध्य प्रदेशातल्या ४० पैकी ३५ जागा त्या पक्षाला गेल्या. आणीबाणीचा राग तीन वर्षांत ओसरला असे म्हणण्यापेक्षा, अस्थिर सरकारचा कंटाळा त्याच्यावर मात करून गेला असे म्हणणे अधिक खरे.

महाराष्ट्रातही लाट तशीच होती. ४८ पैकी ३९ जागा इंदिरा काँग्रेसला, आठ जनता पक्षाला. उरली ती एक. अर्स काँग्रेस नावाच्या विझत चाललेल्या पक्षाची ती एकुलती जागा साताऱ्याची होती, आणि ती यशवंतरावांची होती. १९५७ साली ज्या जिल्ह्याने त्यांच्या पक्षाला लोकसभेत नाकारले, त्याच जिल्ह्याने १९८० साली साऱ्या राज्याच्या विरुद्ध जाऊन त्यांना एकट्याला निवडले. पक्ष गेला, चिन्ह बदलले, सत्ता नव्हती, तरी कृष्णाकाठचा माणूस त्यांच्याबरोबर राहिला.

पण एका माणसाच्या पुण्याईवर पक्ष उभा राहत नाही. १९८१ साली ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. परतलेल्याला पूर्वीचा मान मिळाला नाही. १९८२ साली आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले, मंत्रिपद नाही. जून १९८३ मध्ये वेणूताई गेल्या आणि त्यांचे घर रिकामे झाले. मूलबाळ नव्हते. कृष्णाकाठ हे आत्मचरित्र लिहून झाले, तेही आयुष्याच्या पहिल्या टप्प्यापाशी थांबते. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिराजींची हत्या झाली. त्यानंतर पंचवीस दिवसांनी, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी, दिल्लीत यशवंतरावांनी देह ठेवला. कराडला कृष्णा आणि कोयना यांच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. महिन्याभरात झालेल्या निवडणुकीत सहानुभूतीची लाट आली. मध्य प्रदेशातल्या चाळीसच्या चाळीस जागा, महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ काँग्रेसला गेल्या. ते पाहायला यशवंतराव नव्हते.

हे चरित्र लिहिताना आम्हाला मांडवातल्या त्या प्रश्नाचे थोडेफार उत्तर मिळाले, ते वाचकांपुढे ठेवतो. मोठा आघात झाला की घराण्याची मते हलतात, हे खरे. युद्ध, फाळणीसारखी सीमा, आणीबाणी, हत्या, सरकारांची पडझड, यांनी पिढ्यांची सवय मोडते. पण मोडलेली सवय कायमची मोडली की काही दिवसांपुरती, हे आघातावर ठरत नाही. नंतर लोकांचे म्हणणे कोणी ऐकले का, यावर ठरते. १९५७ चा रुसवा ज्याने ऐकला त्याच्याकडे १९६२ साली माणसे परत आली. १९७५ साली ज्याने ऐकल्यासारखे केले नाही, त्याला साताऱ्याने सांभाळून घेतले, पण देशाने पुन्हा तेवढे मोठे केले नाही. दोन्ही वेळी माणूस एकच होता. म्हणून त्यांचे चरित्र नुसते वंदन करून मिटवू नये, दोन्ही पाने वाचावीत, असे आम्हाला वाटते.

आपण सीमेच्या अलीकडे राहिलो. आपल्या मताने मुंबईचे सरकार बनत नाही, मोडतही नाही. आपले मत खंडव्याचे, भोपाळचे आणि दिल्लीचे. पण सीमा ज्या दिवशी पडली त्या दिवशी पलीकडे एक माणूस लोकांच्या शिव्या खात मुख्यमंत्री झाला आणि त्याने त्या शिव्यांतला खरा भाग ऐकला, ही आठवण आपल्याही कामाची आहे. पुढल्या निवडणुकीत दारात येणाऱ्या प्रत्येकाला आपण कोणत्या पक्षाचे एवढेच विचारून सोडू नये. मागच्या वेळी आमचे जे दुखले ते तुम्ही कोणाला जाऊन सांगितलेत, हेही विचारावे.

विघ्नहर्ता गजानन सर्व कुटुंबांना सुखी ठेवो, आणि पुढल्या वर्षी आपल्याला पुन्हा याच मांडवात एकत्र आणो. गणपती बाप्पा मोरया!